विहीणबाईंसोबत पाहिलेला भेवाचा सिनेमा

आधी माफी मागते. माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, जोडाक्षर आलं की मी अडते, आणि अक्षर तर इतकं वाईट की कधी कधी दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. शेंदूरजनाघाटजवळच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढं शिकायचं तर दुसऱ्या गावी चालत जावं लागे, आणि वडील म्हणाले, पोरीच्या जातीला एवढं पुरे. हे मी कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. मुलीच्या कॉलेजच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, ती वाया जातील म्हणून लिहिते.

मी बोलत नाही. म्हणजे मुकी नाही, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी मागं सरते. अमरावतीत आमचं फुलांचं दुकान आहे. दुकानात हे बसतात, मी घरी हार गुंफते. गिऱ्हाइकाशी बोलणं यांचं, सुई-धागा माझा. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, असंच चालत आलं. दुकानात जायची वेळ आली तरी मी भाव सांगत नाही, बोटं दाखवते.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला अकोल्याला दिलं आहे. सातव्या महिन्यात तिकडेच डोहाळजेवण झालं तेव्हा तिचे फुलांचे दागिने मीच करून नेले होते. कंकण, बाजूबंद, कमरपट्टा, मुकुट, सगळं मोगऱ्याचं आणि मधे मधे लाल गुलाब. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरचं. नुसतं घर माहेरचं नाही, खर्चही माहेरचा, दवाखान्यापासून डिंकाच्या लाडवांपर्यंत. सासरकडचा रुपया त्याला लावायचा नाही. त्यासाठी यांनी वर्षभर दुकानातून थोडे थोडे बाजूला ठेवले होते.

आठवा महिना संपत आला होता. तेवढ्यात विहीणबाई आल्या. दोन दिवसांसाठी आल्या, पण सामान महिन्याचं. एका पोत्यात वांगी, एका पिशवीत कैऱ्या, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. अकोल्याच्या बाजारात त्यांचं भाजीचं दुकान आहे. नवरा गेल्यावर त्यांनी ते एकटीनं चालवलं, त्यावर दोन मुली उजवल्या आणि मुलाला शिकवलं. त्यांचा आवाज बाजारातलाच आहे. घरातही त्या तशाच बोलतात, जणू मधे रस्ता आहे आणि मी पलीकडे उभी आहे.

"इहीनबाई, पोट्टी वाळली नं व! खाऊ-पिऊ घालून राहिल्या का फुलं हुंगून ठेवली?"

मी हसले. मला त्यांची भीती वाटायची, आणि भीती वाटली की मी हसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही. हे दुकानात होते. मुलगी कूलरसमोर गादीवर आडवी पडून मोबाइलवर काहीतरी पाहत होती. मी खाली टोपलं घेऊन दुसऱ्या दिवशीच्या लग्नाचे हार ओवत होते.

"काय पाहून राहिली व एवढं डोळे फाडून?" विहीणबाईंनी विचारलं.

मुलगी त्यांना मामीजी म्हणते. "सिनेमा आहे मामीजी. इंग्रजी, जुना आहे, पण हिंदीत बोलते. भेवाचा आहे, तुमाले नाही झेपणार."

एवढंच पुरलं. "मले नाई झेपणार? पहाटे तीन वाजता एकटीनं भाजीचे ट्रक उतरवून घेतले हायेत म्या. लाव थो टीव्हीवर. अन् पयल्यापासून लाव."

माझ्या मनात आलं की पोटुशी बाईनं असलं पाहू नये. साप पाहू नये, ग्रहण पाहू नये, मयताच्या घरी जाऊ नये, हे सगळं मला माहीत होतं. सिनेमाचं कोणी सांगितलं नव्हतं, पण ते त्यातच धरायला हवं. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. विहीणबाईंना नाही कसं म्हणायचं? मुलीनं टीव्ही लावला. विहीणबाईंनी खिडकीवर चादर टाकली, म्हणजे नीट दिसावं म्हणून.

मी असला सिनेमा कधीच पाहिला नव्हता. भुताचे पाहिले होते, लहानपणी गणपतीत पडद्यावर. त्यात भूत वाड्यात असतं, पांढरी साडी नेसतं, आणि शेवटी देवाचं नाव घेतलं की जातं. इथं वाडा नव्हता. आकाशात, सगळ्या ताऱ्यांच्या पलीकडे एक यान चाललं होतं आणि त्यात नऊ माणसं होती.

"हे इमानच हाय नं?"

"इमानच समजा मामीजी. पण हे दुसऱ्या ताऱ्यांवर जाते."

"मंग तेल कोठून भरत असतीन? मधात पंप हाय का?"

"मामीजी, पाहू द्या नं."

"पाहा नं. म्या काय डोळे झाकले का तुये? अन् सात गडी अन् दोनच बाया. एवढ्यायचा सैपाक कोन करते?"

मुलगी हसली आणि पोट धरून म्हणाली, हसवू नका, दुखते. मीही गालात हसले. टोपल्यातली शेवंती संपत होती, मी हात झेंडूला घातला.

मग ते यान एका उजाड जागी उतरलं. तिथं नुसते दगड, आणि दगडांच्या फटीत एक वेल. त्यातल्या एकानं ती वेल कापून आत आणली. यानात एक बाई होती, झाडांची निगा राखणारी. काचेच्या खोलीत तिनं झाडं लावली होती. तिनं ती वेल हातात घेतली, उलटी करून देठ पाहिला आणि म्हणाली, ही आत ठेवू नका. हळूच म्हणाली. तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही. मोठ्या साहेबानं हात हलवला आणि सगळे जेवायला बसले.

माझी सुई थांबली.

ज्यानं वेल आणली होती त्याला भूक लागायला लागली. ताटामागून ताट खाई. मग त्याचा चेहरा भरला, हात जाड झाले, पोट पुढं आलं. तो म्हणे, मला काही झालं नाही, मी एकदम बरा आहे. सगळेही म्हणत, बरा आहे, थकला आहे, निजू द्या त्याला.

"व माय! याले तं दिवस गेले!" विहीणबाई ओरडल्या.

आम्ही तिघी इतक्या हसलो की मुलीला ठसका लागला. पण मी हसता हसता त्या बाईकडे पाहत होते. ती त्या माणसाच्या मनगटाला बोट लावून पाहत होती. तिनं पुन्हा सांगितलं, याला इथून हलवा, यान मागे फिरवा. पुन्हा हळूच. मला तिचा राग येऊ लागला. मोठ्यानं बोल ना बाई, असं माझ्या तोंडात आलं. त्या वेलीची मला एवढी भीती वाटली नाही. या बाईला सगळं दिसतं आहे, तिला ते सांगताही येतं आहे, आणि तरी तिचं कोणी ऐकत नाही, याचंच भेव वाटलं.

पुढचं मी नीट लिहू शकत नाही. त्या माणसाच्या तोंडातून हिरवं काहीतरी हळूहळू बाहेर आलं. विहीणबाईंनी पदर तोंडावर घेतला आणि पदराआडून विचारायला लागल्या, "गेलं का? गेलं का थे? सांग नं व!" शेवटी नऊपैकी कोणी उरलं नाही. नुसती ती काचेची खोली, आणि आत वेल.

"हे काय शेवट झाला?" पदर काढून विहीणबाई म्हणाल्या. "पैसे वापस मांगा याचे."

मुलगी कपाळ दाबत होती. डोकं दुखतं म्हणाली. अंधारात टीव्ही पाहिला म्हणून दुखत असेल असं आम्ही म्हटलं. रात्री ती फारसं जेवली नाही.

सकाळी डोकं जास्तच. मी चहा दिला तेव्हा ती म्हणाली, "आई, डोळ्यांपुढं चमकून राहिलं. काजवे असतात तसं." बरगडीच्या खालीही दुखत होतं.

"भेव घेतलं पोरीनं," विहीणबाई लगेच म्हणाल्या. माझ्याकडे वळल्या. "तुमाले तं कळाले पायजे होतं, इहीनबाई. आठवा मह्यना संपून राहिला अन् असले अभद्र सिनेमे पाहू देता का? तुमी माय हाय तिची."

सिनेमा कोणी लावायला लावला ते तिघींनाही माहीत होतं. मुलीनं तोंड उघडलं, पण मी तिला डोळ्यांनी थांबवलं. विहीणबाईंनी मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या घेतल्या, मुलीवरून उतरवल्या आणि गॅसवरच्या तव्यात टाकल्या. धूर झाला पण कोणाला ठसका आला नाही.

"पाहा!" त्या म्हणाल्या. "ठसका नाई आला. म्हंजे किती लागली होती पाहा. आता निजू द्या तिले. दुपारलोक पायता पायता उतरते." दुपारलोक म्हणजे दुपारपर्यंत.

दीठ काढली की उतरतं, हे मीही मानते. माझ्या मुलांच्या मी शंभर वेळा काढल्या आहेत. पण मी मुलीजवळ बसले होते आणि तिचा हात माझ्या हातात होता. हात मला वेगळा लागला. कसा ते सांगता येईना. फुलांचं काम करणाऱ्याला बोटांतून आधी कळतं आणि मग डोळ्यांना दिसतं, तसं.

मी उठून आतल्या खोलीत गेले. ज्यांच्यासाठी फुलांचे दागिने करते त्यांचं माप मी धाग्यावर घेते, दोन्ही टोकांना गाठ मारते आणि धागा खिळ्याला अडकवून ठेवते. डोहाळजेवणाचं मुलीचं माप अजून तिथंच होतं, मनगटाचं वेगळं, दंडाचं वेगळं. फुलांना जागा हवी म्हणून माप मी नेहमी बोटभर सैल घेते. मनगटाचा धागा आणला आणि तिच्या हाताभोवती घातला. गाठी एकमेकींना भेटल्याच नाहीत. मधे दोन बोटं अंतर.

दुसरा हात पाहिला. तसंच.

आमच्या गल्लीत एक आशाताई येते. महिन्यापूर्वी तिनं ओट्यावर उभं राहून सांगितलं होतं, पाय सगळ्यांचेच सुजतात काकू, पण हात अन् तोंड सुजलं, डोकं दुखलं, डोळ्यांपुढं चमकलं, तर घरी थांबू नका. मी मान हलवली होती. मान हलवायला मला सोपं जातं.

"दवाखान्यात न्यायचं हिला," मी म्हणाले.

कोणी ऐकलं नाही. विहीणबाई तवा खरवडत होत्या. मुलगी डोळे मिटून होती. माझा आवाज माझ्याच पुढं पडला होता.

काल दुपारी मी एका बाईवर चिडले होते, आणि आता मी तीच बाई होते.

"दवाखान्यात नेऊन राहिली मी तिले!" मी म्हणाले, आणि ते इतक्या जोरात निघालं की विहीणबाईंच्या हातातलं उलथनं खाली पडलं. "भेव नाई हे. हात पाहा तिचा. हा धागा महिन्यापयलेचा हाय, सैल होता, आता पुरत नाई. भेवानं मनगट जाड होते का कोणाचं?"

"अव पन इहीनबाई, दुपारलोक..."

"दुपारलोक नाई थांबत. तुमाले यायचं तं या. नाई तं मी एकटी नेतो."

विहीणबाईंनी पदर खोचला आणि माझ्याहून मोठ्या आवाजात दारातून ओरडल्या, "ऑटो! ए ऑटोवाल्या! इकडे आन, लवकर!" यांना फोन त्यांनीच केला.

जवळच एक खासगी दवाखाना होता, तिथं नेलं. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, पुन्हा बांधला, आणि नर्सला काहीतरी पटापट सांगितलं. मला विचारलं, कधीपासून? एरवी मी यांच्याकडे पाहिलं असतं, पण हे अजून यायचे होते. मी सगळं सांगितलं. डोकं काल संध्याकाळपासून, चमकणं आज सकाळपासून, बरगडीखाली दुखणं, आणि धागा. धागा माझ्या मुठीतच होता. त्यांनी तो घेऊन पाहिला.

"मॅडम, काल भेवाचा सिनेमा पाह्यला हिनं," विहीणबाई मधेच म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला मी ऐकला. "त्यानं तं नाई नं झालं?"

"सिनेमानं नाही झालं आजी. रक्तदाब फार वाढला आहे, हे आठ-दहा दिवसांपासून चढत असणार. आता झटके यायच्या आत बाळ काढावं लागेल. संध्याकाळपर्यंत घरी ठेवलं असतं तर मी काही सांगू शकले नसते."

सिझेरियन, बाळ दिवस भरायच्या आधीचं म्हणून त्याला काही दिवस काचेच्या पेटीत, असा सगळा खर्च त्यांनी सांगितला. हे आले, त्यांनी घरातला पैशांचा डबा आणला होता. त्यात साध्या बाळंतपणापुरते होते. आणखी पस्तीस हजार कमी पडत होते. हे मोबाइल काढून कोणाकोणाला फोन लावू लागले. मी भिंतीला टेकून उभी होते. मला आतल्या मुलीच्या जिवाची भीती होती आणि त्या खालोखाल, खोटं कशाला बोलू, लाजही होती.

विहीणबाईंनी कमरेची पिशवी सोडली. भाजीचे पैसे होते, पालेभाजीचा वास येणाऱ्या नोटा. उरलेल्यासाठी त्यांनी आमच्या जावयांना, म्हणजे आपल्या मुलाला, फोन केला आणि दहा मिनिटांत पैसे भरले. आम्हा दोघांना बोलायलाही वेळ दिला नाही.

मी त्यांच्याजवळ गेले. "मी परत करीन," म्हणाले.

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, आपलीच सून आहे, परत कशाला. तसं त्या म्हणाल्या असत्या तर मी आयुष्यभर मान वर केली नसती. त्या बाकावर बसल्या आणि मलाही बसवलं.

"करा," त्या म्हणाल्या. "पुरेच्या पुरे करा, एक रुपाया सोडनार नाई मी. माह्या दोन पोरी झाल्या, दोघींची पयली बाळंतपनं मीच केली, कोनाचा पैसा नाई लावू देल्ला. तुमी बी नका लावू देऊ. हे उसने हायेत. हे आपल्या आपल्यातच राहीन." मग जमिनीकडे पाहत म्हणाल्या, "सिनेमा म्याच लावाले लावला होता, इहीनबाई. अन् बोलली तुमाले."

"राहू द्या," मी म्हणाले.

"राहू काय द्या? तव्यात मिरच्या भाजत बसली होती मी. तुमी आवाज नसता काढला तं?" त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच समोरच्या नर्सवर खेकसल्या, "ओ बाई, पंखा चालते का हा, का नुसता शोभेचा हाय?"

दुपारी मुलगी झाली. एवढीशी. नर्सनं पेटीजवळ नेऊन दाखवली. तिच्या मनगटाला दवाखान्याचा पट्टा होता, तोही सैल होता. आमची मुलगी दोन दिवस गुंगीत होती, तिसऱ्या दिवशी तिनं मला ओळखून चहा मागितला. तेव्हा मी जिन्याखाली जाऊन रडले.

पैसे फेडायला जवळजवळ दीड वर्ष लागलं. लग्नसराईत मी रात्री-दिवस हार केले, वर-वधूच्या मोठ्या हारांची कामं घेतली, गाड्या सजवायच्या माळा घेतल्या. यांनी त्यात कधी हात घातला नाही, तो पैसा वेगळाच राहिला. जमले की मी एसटीनं अकोल्याला जाई. कधी चार हजार, कधी दोन. एकदा पावसाळ्यात फुलं महाग झाली आणि तीन महिने काहीच जमलं नाही, तेव्हा मी गेलेच नाही. तर फोन आला, "पैसे नसले तं हात हालवत या. नात काय पैशाच्या मांगं हाय का?" म्हणून हात हलवत गेले.

यंदा दसऱ्याला झेंडू चांगला गेला. दसऱ्यानंतर चार दिवसांनी मी उरलेले साडेपाच हजार घेऊन सरळ बाजारातच गेले, त्यांच्या दुकानावर. नात मिरच्यांच्या पोत्यामागं चटईवर बसून एका वांग्याशी खेळत होती. गिऱ्हाईक उभं होतं. विहीणबाईंनी हात फडक्याला पुसले, पैसे घेतले आणि अंगठा ओला करून मोजले. एकदा मोजले, मग पुन्हा मोजले. मला ते आवडलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "पस्तीसचे पस्तीस आले."

नोटा कमरेच्या पिशवीत ठेवून त्यांनी पिशवीची दोरी ओढली.